आणखी एक थर

पातं पिशवीत घालायच्या आधी उमाशंकरनं नेहमीसारखं खिशातलं नाणं काढून त्यावर वाजवून पाहिलं. उभ्या पात्यावर खण्ण. उजव्या पंखावर खण्ण. डाव्या पंखावर टोकापासून आत येत गेलं तसं खण्ण, खण्ण, आणि पंख जिथं पात्याला मिळतो त्या सांध्यावर बद्द. त्यानं नाणं उचललं, पुन्हा टेकवलं. बद्द. झालं ते एवढंच. बाहेर दोन ऑटोवाले सवारीवरून भांडून राहिले होते, शेजारच्या दुकानात दस्तगीर चाचा कूलरच्या पत्र्याला छिद्रं पाडत होते, डोक्यावरचा पंखा गरम हवा इकडची तिकडं करत होता. नांदेड जागच्या जागी होतं. फक्त उमाशंकरच्या पायाखाली काहीतरी हललं, आणि पायाखाली हललं की त्या माणसाचं काय होतं ते त्यालाच ठाऊक. त्यानं टेबलाची कड धरली. मग स्वतःचाच राग येऊन सोडून दिली.

हे पातं म्हणजे काय ते आधी सांगितलेलं बरं, कारण नांदेडात कुणालाही विचारलं तर तो छताच्या पंख्याचं समजणार. पाण्यावर उभं राहून पळवायची एक लांब फळी असते, बोर्ड म्हणतात तिला. तिच्यावर शीड असतं, ते दोन्ही हातांनी धरायचं आणि वाऱ्यावर सुटायचं. बोर्डाच्या पोटाखाली, शेपटीकडं, एक उभं पातं खोबणीत घालून बोल्टानं आवळलेलं असतं. ते नसलं तर वारा बोर्डाला सरळ जाऊ देत नाही, आडवा ढकलत नेतो. बाजारातलं पातं सरळसोट असतं. उमाशंकरनं आपल्या पात्याच्या खालच्या टोकाला दोन्ही अंगांनी तळहाताएवढे दोन पंख काढले होते, किंचित वर तोंड केलेले. बोर्डानं जरा वेग घेतला की पंख पाण्यात उचल धरतात, शेपूट वर येते आणि थोडक्या वाऱ्यातही बोर्ड पाण्याला नुसता चाटत धावतो. समुद्रावर वाऱ्याला काय तोटा, तिथं ही उठाठेव कशाला करतील? पण विष्णुपुरीच्या जलाशयावर वारा येतो तो सरकारी पाहुण्यासारखा, उशिरा आणि घाईत. म्हणून पंख. मोबाइलवर परदेशातल्या कुणीतरी केलेली असली पाती त्यानं बघितली होती; पुढचं सगळं त्याचं त्यानं, हाताला सुचेल तसं केलं होतं.

आणि हाताला सुचत होतं, हेच तर त्याचं सुख होतं. एरवी त्याचा धंदा कूलरच्या टाक्यांचा. दस्तगीर चाचा पत्र्याचे सांगाडे करायचे आणि उमाशंकर त्यांच्या खालच्या फायबरच्या टाक्या. काचेच्या धाग्याची मॅट साच्यावर अंथरायची, ब्रशनं रेझिन पाजायचं, बुडबुडे काढायचे, वरून दुसरा थर, तिसरा थर. अंगाला रात्रंदिवस खाज. मंजुश्री म्हणायची, तुमचं धोतर-पंचा वेगळा धुवायचा म्हणजे सोवळ्यातलं माणूस पाळल्यासारखं हाय. धोतर त्यानं जन्मात नेसलं नव्हतं, पण बायको एकदा बोलायला लागली की तिला कोण अडवणार. टाकी करताना हात चालायचे आणि डोकं झोपायचं. पातं करताना मात्र डोकं जागं व्हायचं. पंखाची कड पॉलिश पेपरनं घासत बसलं की दुपार कधी कलली कळायचं नाही, आणि अंगठ्याखाली कड पाण्यासारखी सरकायला लागली की छातीत काहीतरी मोकळं व्हायचं. चाळिशीला टेकलेल्या माणसाला असं काही मिळालं की तो ते सोडत नाही. आपण कुणासाठी करतोय, कशासाठी करतोय, हे सगळं मग मागून येतं.

करत होता तो तूबासाठी. तूबा ही दस्तगीर चाचांची धाकटी. थोरला अकरम गोव्यात पाण्याच्या खेळांवर कामाला होता. तिथनं येताना एक जुना जड बोर्ड आणि ठिगळं लावलेली दोन शिडं घेऊन आला, उन्हाळाभर विष्णुपुरीवर खेळला, बहिणीला शिकवलं आणि कतारला निघून गेला. बोर्ड राहिला, आणि बहिणीचं वेड राहिलं. पोरगी अंगानं काटकुळी, पण शीड धरून मागं रेलली की वारा आणि ती यांच्यात कोण कुणाला ओढून राहिलं ते कळायचं नाही. येत्या रविवारी राज्याच्या संघाची निवड होती. खुल्या गटात बोर्ड कुठलाही चालत होता, पातं कुठलंही चालत होतं. बाकीच्या पोरी समुद्राकाठच्या, हलक्याफुलक्या नव्या बोर्डांवरच्या. तूबाकडं अकरमचं ते जुनं धूड. पंखांशिवाय ती त्यांच्या जवळपासही पोचणार नव्हती, हे तिला माहीत होतं आणि उमाशंकरलाही. आज भर वाऱ्यात पहिल्यांदा ती हे पातं लावून पळणार होती. जमलं तर रविवारी हेच पातं. आणि आज पहिल्यांदाच दस्तगीर चाचा दुकान बंद करून लेकीला बघायला येणार होते. महिनाभर ते घरातल्या बायकांशी भांडले होते, मोहल्ल्यातल्या चार तोंडांना उत्तरं दिली होती, आणि परवा उमाशंकरच्या टेबलापाशी येऊन, नजर पत्र्याच्या कात्रीवर ठेवून म्हणाले होते, ‘‘उमाशंकर, आपुन तर कदी गुडघ्याच्या वर पान्यात गेलो न्हाई. तुमच्या भरोशावर पोरीला सोडून राहिलो.’’

भरोसा. बद्द. त्यानं पुन्हा नाणं वाजवलं. उगीच. नाण्याला काय लाज असते का आवाज बदलायला.

आवाजावरून वस्तू ओळखायची ही खोड त्याच्या आईची, अव्वाची. गावच्या, किल्लारीच्या बाजारात कुंभारणीसमोर अव्वा उकिडवी बसायची आणि एकेक मडकं डाव्या हाताच्या तळव्यावर घेऊन उजव्या हाताच्या बोटानं टिचकी मारायची. खण्ण वाजलं की बाजूला, बद्द वाजलं की परत. उमा, हे ऐक. हे ऐक. ह्याच्यात हाय का काई फरक? त्याला फरक कळायचा नाही, तो दोन्हीला हाव म्हणायचा, मग ती त्याच्याच टाळक्यावर टिचकी मारून म्हणायची, ‘‘हे बद्द.’’ कुंभारीण हसायची. अव्वाच्या गळ्यातल्या इष्टलिंगाच्या चांदीच्या पेटीवर ऊन पडलेलं असायचं. तिचा चेहरा आता त्याला नीट आठवत नाही, हे तो कुणाला सांगत नाही, मंजुश्रीलासुद्धा नाही. बोट आठवतं. नखाशी चुन्याचा पांढरा डाग असलेलं बोट, आणि टिचकीनंतरची ती वाट बघणारी मान. मडक्याच्या आत काय आहे हे बाहेरून कळतं, एवढं ती शिकवून गेली. कळल्यावर काय करायचं ते शिकवायला तिला वेळ मिळाला नाही.

मोबाइल वाजला. तूबा. ‘‘भैया, मी पोचले बी. झाडं वाकून राहिलीत, असला वारा हाय. अब्बा बी निघतील आता. आनून राहिले ना?’’

‘‘हाव,’’ उमाशंकर म्हणाला. ‘‘जरा हात फिरवतो अन् येतो.’’

सांगता आलं असतं. हेच ते ठिकाण होतं सांगायचं. तूबा, सांधा बद्द वाजतोय, आज नको. चार शब्द. पण चार शब्द तोंडात आले आणि त्यांच्यामागं बाकीचं सगळं दाटीवाटीनं येऊन उभं राहिलं: रविवार, चाचांचं बंद दुकान, पोरीचा तो श्वास लागलेला आवाज, आणि खरं सांगायचं तर सगळ्यांत पुढं त्याचा स्वतःचा हट्ट. हे पातं चालायला पाहिजे होतं. त्याला बघायचं होतं. आयुष्यात आपण केलेली एक तरी वस्तू पाण्यावरून उडताना बघायची होती, आणि त्याच्या आड एक आवाज येत होता, नुसता एक आवाज. त्यानं फोन ठेवला आणि रेझिनचा डबा उघडला.

पहिल्या पात्याचा पंख याच सांध्यावर मोडला होता. मोडला म्हणजे कट् करून वेगळा झाला, बोर्ड मंदावला, तूबा पाण्यात बसली आणि हसत पोहत आली. दुसऱ्याला तिथंच तडा गेला. तेव्हा त्यानं तिसरं करताना सांध्यावर दोन थर जादा घातले. परवा घासताना बारीक रेघ दिसली तसा आणखी एक. आता आणखी एक. त्यानं मॅटची पट्टी फाडली, रेझिन गोठवणारं हार्डनर ऊन बघून थोडं कमी घ्यायला पाहिजे होतं ते घाईत जास्तच ओतलं, आणि पेला हातात तापायला लागला तशी ब्रशनं पट्टी बसवली, बोटानं दाबली, बुडबुडे काढले. वास डोक्यात चढला. दस्तगीर चाचा दारात डोकावून म्हणाले, ‘‘चलता का? मी ऑटो पाहतो,’’ आणि त्यानं मान न उचलता म्हटलं, ‘‘तुम्ही व्हा पुढं, चाचा, मी गाडीवर येतो.’’ मग तो स्टुलावर बसून थर गोठायची वाट बघत राहिला. गोठताना ते तापतं. पंखाजवळ हात नेला तर माणसाच्या कपाळासारखी ऊब लागत होती.

त्याचे वडील, अप्पा, असेच वर जाऊन बसायचे, किल्लारीच्या घरी. माळवदावर. दगडाच्या जाडजूड भिंती, त्यावर सागाची तुळवंटं, म्हणजे आडव्या तुळया, त्यावर फळ्या, आणि त्यावर माती. दर वर्षी उन्हाळा सरता सरता सगळं गाव आपापल्या माळवदावर नवी माती चढवायचं. जुनी कुणी काढत नव्हतं. काढायची असते हे कुणाच्या बापजाद्यांनी सांगितलं नव्हतं. गळलं, टाक माती. पुन्हा गळलं, आणखी टाक. आज्याची माती, पणज्याची माती, सगळी वर साठलेली, आणि ज्याचं माळवद जाड त्याचं घर थंड, त्याच्या घरी पोरगी द्यायला हरकत नाही, असा हिशेब. अप्पांचं, म्हणजे धोंडप्पाचं, माळवद आळीत सगळ्यांत जाड होतं. पाटी खांद्यावर घेऊन अप्पा शिडी चढायचे, माती पसरायचे, अव्वा पाणी शिंपडून चोपण्यानं चोपायची, आणि सगळं झालं की अप्पा वर मांडी घालून बसायचे, ती वाळायची वाट बघत. खालून उमा हाक मारायचा. आता गळायचं न्हाई बघ, अप्पा वरून सांगायचे. केवढा आनंद असायचा त्या आवाजात.

भूकंपाच्या वर्षीचे ते गणपती त्याला तुकड्यातुकड्यानं आठवतात. विसर्जन झालं, पोरं दमून देवळापुढच्या मांडवातच आडवी झाली, उमाही तिथंच. अप्पा रानात राखणीला. घरात अव्वा एकटी. पहाटे जमीन हलली तेव्हा त्याला वाटलं कुणीतरी त्याला उठवून राहिलंय. मग धूळ. सकाळ झाली तरी धूळच होती, आणि धुळीत माणसं एकमेकांची नावं घेत फिरत होती. त्यांच्या आळीत घरं नव्हती, मातीचे ढीग होते, आणि त्यांच्या घराचा ढीग सगळ्यांत उंच होता. पुढचं त्याला आठवत नाही, किंवा आठवतं पण त्या बाजूला तो जात नाही. एक मात्र कानातून जात नाही. मागाहून साहेबलोक आले, लष्कराची माणसं आली, पाहुणे आले, आणि जो येईल त्याला अप्पा एकच वाक्य सांगायचे. रडत नव्हते, कपाळ बडवत नव्हते. ‘‘माळवद फुटलं न्हाई, साहेब. अख्खंच्या अख्खं खाली बसलं.’’ पुन्हा पुन्हा, सगळ्यांना. छोट्या उमाला वाटायचं, बाप फुशारकी मारतोय. अव्वा गेली आणि हा माणूस आपल्या मातीची मजबुती सांगतोय. पुढं त्याला लातूरला मठाच्या वसतिगृहात ठेवलं; तिथं किल्लारीकडची सगळी पोरं ओसरीत झोपायची, खोलीत एकही जायचा नाही. अप्पा महिन्यातून एकदा भेटायला यायचे, शेंगा आणायचे, पिंपळाखाली बसायचे. उमा शेंगा खायचा आणि बोलायचा नाही. ते वाक्य दोघांच्या मध्ये बसलेलं असायचं. अजून बसलेलं आहे. अप्पा आता नव्या किल्लारीत सरकारी घराच्या अंगणात पत्र्याच्या सपरात राहतात, घरात फक्त देव आणि धान्य. बाप-लेक फोनवर पावसाचं बोलतात, सोयाबीनचं बोलतात, आणि ठेवतात.

हलक्या वस्तूंचं वेडही त्याला तिथंच लागलं. पडलेल्या गावात पाणी द्यायला एक भलीमोठी पिवळी टाकी आली, आणि ती ट्रकवरून दोन माणसांनी नुसती उचलून खाली ठेवली. एवढी मोठी वस्तू, आणि वजन नाही. पोरगा बघतच राहिला. अशी घरं का करत न्हाईत, त्यानं कुणाला तरी विचारलंही होतं. अंगावर पडली तरी लागणार नाही अशी वस्तू. नांदेडात बिऱ्हाड केलं तेव्हाही त्यानं वरच्या मजल्यावरची पत्र्याची खोली बघितली, आणि मंजुश्री दर एप्रिलला म्हणते, ‘‘सगळं जग स्लॅबखाली झोपतंय, आमच्याच नशिबाला हा तवा.’’ ती उदगीरची, तिला कारण माहीत आहे, म्हणून ती एवढंच म्हणते आणि ओली चादर टांगते. आणि त्या माणसानं, ज्यानं जन्मभर डोक्यावर जडपणा येऊ दिला नाही, त्यानं आता हातातल्या पंखावर पाचवा की सहावा थर चढवला होता.

हा विचार त्याला आला का? आला. असा धडधडीत शब्दांत आला नसेल, पण पातं हातात घेतल्यावर मनगटाला ते जड लागलं, पहिल्यापेक्षा चांगलंच जड, आणि एक क्षण अप्पांच्या खांद्यावरची पाटी त्याला दिसली. त्यानं नाणं वाजवलं. खण्ण. सांध्यावर, त्याच जागी, खणखणीत खण्ण. जीव भांड्यात पडला. नवा थर वाजत होता, आतलं तसंच होतं, हे त्याच्यासारख्या कारागिराला न कळायला काय झालं? पण माणसाला जे ऐकायचं असतं ते ऐकू आलं की तो पुढं विचारत नाही. त्यानं पातं फडक्यात गुंडाळून पिशवीत घातलं आणि गाडीला किक मारली.

रस्ताभर वारा अंगावर येत होता. असल्या वाऱ्याची दोघांनी किती वाट बघितली होती, आणि आता तो यायला नको होता असं त्याला वाटत होतं. पडावा. झाडं सरळ व्हावीत. तूबानं तोंड वाकडं करून म्हणावं, जाऊ द्या भैया, आज काई खरं न्हाई. मग उद्या तो सांधा कापून नवा करील, पहिल्यापासून, पातळ. असा तो वाऱ्याला विनवत होता, आणि वारा काही ऐकत नव्हता. जलाशयाच्या काठाला पोचला तेव्हा पाणी करड्या रंगाचं झालं होतं आणि कडेची जलपर्णी उसळून उसळून काठावर आपटत होती. दस्तगीर चाचा रुमाल डोक्याला बांधून एका दगडावर बसले होते, मांडीवर लेकीच्या चपला घेऊन. चपला खाली ठेवायच्या असतात हे त्यांच्या ध्यानातच नव्हतं.

तूबानं फडकं सोडलं, पंखांवरून बोट फिरवलं. ‘‘जाड केला का हो?’’

‘‘थोडा.’’

‘‘बरं केलं. आता तुटायची भीती न्हाई.’’ तिनं बोर्ड पालथा केला, खोबणीत पातं बसवलं, बोल्ट आवळला. खोबणीच्या कडेनं बोर्ड जुना, पिवळट, उन्हानं तडकलेला. उमाशंकरनं तिकडं बघितलं. बघितलं, आणि नजर सांध्यावर आणली. त्याला सगळा वेळ सांध्याचीच भीती होती. आता बोल, असं कुणीतरी त्याच्या आत म्हणालं, अगदी स्पष्ट. त्यानं तोंड उघडलं आणि म्हणाला, ‘‘पहिल्यांदा लई जोरात नको घेऊस.’’ तिनं मान हलवली. घेणार होती ते दिसत होतं. चाचा दगडावरून म्हणाले, ‘‘बिस्मिल्ला म्हन, बेटा.’’

ती सुटली. सुरुवातीला बोर्ड नेहमीसारखा जड, नाक वर, पाणी ढकलत. मग एक झोत आला, तिनं शीड आवळलं, मागं रेलली, आणि बोर्डाची शेपूट उठली. उमाशंकरनं ते बघितलं. शेपूट उठली, पाण्याचा आवाजच बदलला, आधी खळखळ होती ती गेली आणि नुसती एक शीळ राहिली, आणि ती पोरगी पाण्याला न लागता, कुणी वरून दोरीनं ओढावं तशी, जलाशयाच्या मध्याकडं पळत गेली. चाचा उभे राहिले. चपला त्यांच्या मांडीवरून पडल्या. ‘‘या अल्ला,’’ ते हळू म्हणाले, आणि उमाशंकरचे डोळे भरून आले. खोटं कशाला सांगायचं, त्या घटकेला तो सगळं विसरला होता. बद्द, थर, अप्पा, सगळं. हे मी केलं, एवढंच त्याच्या मनात होतं. एवढा निर्भेळ आनंद त्याला पोर झाल्यावरही झाला नव्हता.

मग ती वळायला गेली. लाटांवर बोर्ड एकदा आपटला, दुसऱ्यांदा आपटला, आणि तिसऱ्यांदा काठापर्यंत ऐकू आला असा आवाज झाला, वाळलेली फांदी मोडावी तसा. बोर्ड जागच्या जागी गरकन फिरला, तूबा पुढं फेकली गेली, आणि शिडाची दांडी तिच्यावर आली. पाण्यावर नुसतं शीड पसरलेलं दिसत होतं. चाचा चालत पाण्यात गेले, मांड्यांपर्यंत, कमरेपर्यंत, पोहता येत नसलेला माणूस, आणि उमाशंकरनं त्यांना मागून धरलं. ते नुसते पुढं ओढत होते. मासेमारीच्या एका होडीवाल्यानं तिकडं वल्ही मारली. शीड हललं. त्याखालून एक डोकं वर आलं.

होडीतून तिला उतरवलं तेव्हा तिनं डावा हात उजव्या हातानं छातीशी धरला होता. गळ्याजवळचं हाड मोडलं होतं, कातडीखाली टोक वर आलेलं दिसत होतं. ओठ पांढरे. चाचांनी डोक्याचा रुमाल सोडून तिचा हात बांधला. पत्र्याच्या कामातल्या त्या हातांना गाठ बसेना, ती तिलाच दातानं ओढावी लागली. मागून होडीवाल्यानं बोर्ड ओढत आणला. शेपटीकडचा भाग फाटून निघाला होता, आतला पांढरा फोम उघडा पडला होता, आणि खोबण अख्खी उपटून आली होती, पात्यासकट. पातं धड होतं. दोन्ही पंख धड. सांध्यावर ओरखडासुद्धा नव्हता.

तूबानं ते बघितलं आणि दुखत असतानाही तिचा चेहरा उजळला. ‘‘बघा भैया,’’ ती म्हणाली, ‘‘फुटलं न्हाई. अख्खंच्या अख्खं निघालं.’’

उमाशंकर खाली बसला. ओल्या मातीत, तसाच. तूबाला वाटलं तो घाबरलाय. ‘‘मला काई झालं न्हाई हो,’’ ती म्हणाली. ‘‘बोर्डच सडका होता. खोबणीला चांगले चार थर मारू आपुन, मग बघा.’’ आणि दस्तगीर चाचा, ओल्याचिंब पायजम्यात, त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, ‘‘तुमची चीज मजबूत निघाली, उमाशंकर. नसीब आमचं.’’ हा हात त्याला सहन झाला नाही. मारलं असतं तर चाललं असतं.

‘‘सकाळी ते बद्द वाजलं होतं,’’ तो म्हणाला. ‘‘सांध्यावर. मी वरून थर मारला अन् आणलं. तुम्हाला सांगितलं न्हाई. पहिला पंख मोडला तेव्हा तू हसत आली होतीस, तूबा. तो मोडला म्हणून तू हसत आली होतीस. मी मोडायची जागाच ठेवली न्हाई. मग जोर जाऊन जाऊन जाणार कुठं, खोबणीत गेला.’’

चाचांचा हात खांद्यावरून निघाला. रागानं निघाला की लेकीला धरायला, ते कळलं नाही. तूबानं म्हटलं, ‘‘सांगायचं होतं ना, भैया.’’ आवाज चढला नव्हता. रविवारचं तिनं काढलंच नाही, आणि ते तिनं काढलं नाही म्हणून त्याला जास्त लागलं.

सरकारी दवाखान्यात तिला आत नेलं. दस्तगीर चाचा दाराशी बाकावर बसले, शेजारची जागा रिकामी होती, पण तिथं बसायला त्यांनी म्हटलं नाही आणि उमाशंकरनंही विचारलं नाही. तो बाहेर लिंबाखाली आला. ओलं पातं घातलेली पिशवी गाडीच्या हँडलला लटकत होती, त्यातून पाणी ठिबकत होतं. त्यानं पातं बाहेर काढलं. केवढं जड. नाणं वाजवायची गरज नव्हती. लोकांच्या चपला, नळाचा आवाज, चहावाल्याचा स्टोव्ह, सगळं कानावर येत होतं आणि त्यातून ते एकच वाक्य, आधी पोरीच्या तोंडून आणि मग त्याच्या मागं, फार मागं, म्हाताऱ्या तोंडून. फुशारकी. इतकी वर्षं तो त्या वाक्याला फुशारकी समजत आला होता. त्यानं फोन लावला.

‘‘शरणार्थी अप्पा.’’ नमस्काराच्या जागी त्यांच्या लिंगायत घरात हेच म्हणायचे.

‘‘शरणार्थी. ह्या वक्ताला कसा रे? तिकडं पाऊस हाय का?’’

‘‘न्हाई. वारा होता नुसता.’’ हा प्रश्न त्यानं पिंपळाखाली विचारायला पाहिजे होता, शेंगा सोलता सोलता. ‘‘अप्पा, त्या वर्षी माळवदावर तुम्ही माती कुठं टाकली होती?’’

तिकडं सपराचा पत्रा वाऱ्यानं वाजत होता.

‘‘आतल्या खोलीवर,’’ अप्पा म्हणाले. ‘‘तुझ्या अव्वाच्या अंथरुणावर गळत होतं ना रे. ती अंथरूण इकडून तिकडं ओढायची अन् म्हणायची, ऱ्हाऊ द्या, चालतंय. मला बघवत नव्हतं. गणपतीत बी चढलो अन् टाकली. बंद झालं होतं, उमा. मग तिच्या अंगावर एक थेंब पडला न्हाई.’’